विस्थापितांसाठी मंडळाची शिल्लक कशी वापरावी?

इंदूरच्या एका मराठी मंडळाच्या सचिवांनी विचारलं आहे. यंदाच्या गणेशोत्सवाचा हिशेब झाल्यावर मंडळाकडे १ लाख ७५ हजार रुपये उरले. युद्ध, दंगली, छळ यामुळे घर सोडावं लागलेल्या लोकांसाठी ते खर्च करावेत, असं कार्यकारिणीत ठरलं. सभासदांनी जुने कपडेही जमवले आणि त्यांची अकरा पोती सभागृहाच्या मागच्या खोलीत पडून आहेत. पैशांबद्दल मात्र तीन मतं आहेत: परदेशातल्या एखाद्या मोठ्या युद्धासाठी पाठवावेत, मणिपूरला पाठवावेत, की इथेच जयरामपूर, पालसीकर कॉलनीच्या आसपास सिंधमधून आलेल्या कुटुंबांना द्यावेत? शिवाय पोत्यांचं काय करायचं, हा प्रश्न आहेच.

मी या कामात बावीस वर्षं आहे. त्यातली बहुतेक इंदूरमध्येच गेली, काही काळ बाहेरच्या छावण्यांतही काढला. पोत्यांचं आधी सांगते, मग पैशांकडे येते.

ती पोती तशीच कुठेही पाठवू नका. एका रविवारी चार-पाच जणांनी बसून तीन वाटे करा. न फाटलेले, बटणं शाबूत असलेले, धुऊन इस्त्री केलेले सुती कपडे आणि स्वेटर एकीकडे. लहान मुलांचे चांगले कपडे दुसरीकडे. उरलेलं सगळं बोहारणीला द्या आणि तिने दिलेली भांडी एखाद्या नव्या बिऱ्हाडाला उपयोगी पडतील. माझ्या अंदाजाने अकरातली आठ पोती तिसऱ्या वाट्याला जातील. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडून होते, कारण ज्यांच्यासाठी ते पाठवले त्यांनी ते उचललेच नाहीत. माणूस घर सोडून येतो तेव्हा त्याच्याकडे आतले कपडे नसतात, चपला नसतात, बाईकडे पाळीच्या दिवसांसाठी स्वच्छ कापड नसतं. या वस्तू कोणी गोळा करत नाही, कारण त्या नव्याच घ्याव्या लागतात. कपड्यांवर पैसे घालायचेच असतील तर यावर घाला, तेही माप विचारून. आणि देणाऱ्या बाईने घेणाऱ्या बाईच्या हातात द्यावेत, सभागृहात टेबल मांडून नाही.

आता पैसे. माझं स्पष्ट मत असं की मोठा वाटा इंदूरमध्येच ठेवा आणि तो एकदम वाटून टाकू नका, दीड वर्ष पुरवा. मणिपूरला थोडा द्या. परदेशात मंडळाच्या खात्यातून काही पाठवू नका.

या मताचं कारण सांगायला एका कुटुंबाची हकीकत सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. नवरा, बायको, म्हातारी आई, तीन मुलं. उत्तर सिंधमधून व्हिसावर आले. त्या भागात, म्हणजे सक्कर, घोटकी, जेकबाबादच्या पट्ट्यात, खंडणीसाठी माणसं पळवणाऱ्या टोळ्या आहेत, आणि हिंदू घरांत वयात येणाऱ्या मुलींची धास्ती वेगळीच. घोटकीत सप्टेंबर २०१९ मध्ये एका हिंदू मुख्याध्यापकांवर ईशनिंदेचा आरोप झाला आणि त्यानंतर जमावाने मंदिराची नासधूस केली. अशा बातम्या आल्या की दर वेळी आणखी काही घरं मनाने निघून जातात, पाय निघायला वर्षं लागतात. इंदूरला यायचं कारण साधं असतं: १९४७-४८ मध्ये इथे येऊन स्थिरावलेले त्यांचे नातेवाईक.

पहिले पंधरा दिवस त्या घरी माणसांची रीघ होती. नातलगांनी खोली पाहून दिली, कोणी गॅस, कोणी गाद्या, कोणी महिन्याचं रेशन. आपल्या शहराची ही माया खरी आहे, तिला नावं ठेवायला मी धजणार नाही. पण मी त्यांना भेटले ती नवव्या महिन्यात. तोवर येणारे सगळे आपापल्या संसाराला लागले होते. पुरुष दुसऱ्याच्या दुकानात मापं काढत होता. मोठ्या मुलाचं शाळेत नाव नव्हतं. आईची रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड चालली होती. आणि पाकिस्तानी पासपोर्टची मुदत संपत आली होती. तो नवा करायचा तर दिल्लीला त्यांच्या उच्चायुक्तालयात जायचं, म्हणजे फी, गाडीभाडं, दोन दिवसांचा रोज बुडवणं, शिवाय शहराबाहेर जायची आगाऊ परवानगी. या सगळ्याला लागणारी रक्कम फार मोठी नव्हती. मंडळाच्या एका दिवसाच्या प्रसादाचा खर्च असतो तेवढीच. ती नव्हती म्हणून दीर्घ मुदतीच्या व्हिसाचा अर्ज अडला, तो अडला म्हणून पुढचं सगळं अडलं.

पहिल्या आठवड्यात मदत करणारे पुष्कळ असतात. नवव्या महिन्यात आणि तिसऱ्या वर्षी कोणी नसतं, आणि खरी घसरण तिथेच सुरू होते. म्हणून दीड वर्ष म्हणते.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचं उदाहरण मराठी माणसांना ठाऊक असावं. दुसऱ्या महायुद्धात परागंदा झालेले सुमारे ५ हजार पोलिश लोक, त्यात बायका-मुलंच जास्त, १९४३ ते १९४८ या काळात तिथे राहिले. छावणीत शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, नाटकं व्हायची. ती उभी करणाऱ्यांनी पोरांचा वर्ग घरातल्या चुलीइतकाच निकडीचा मानला. पाच वर्षं म्हणजे एका मुलाचं अख्खं प्राथमिक शिक्षण, आणि ते वाया गेलं नाही.

मी असते तर १ लाख ७५ हजारांचे भाग असे केले असते: ६० हजार मुलांच्या शिक्षणाला, ४० हजार कागदपत्रांना, ३५ हजार आजारपणाला, ४० हजार मणिपूरला. आकड्यांवर माझा हट्ट नाही, पण कागदांचा भाग कापू नका. लोकांना तो सगळ्यात रुक्ष वाटतो आणि कपात तिथेच होते.

कागदांबद्दल सविस्तर लिहिते, कारण चुकीची माहिती इथेच सर्वांत जास्त फिरते.

भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी आपला वेगळा कायदाही नाही. त्यामुळे कोण कुठून आला यावर त्याची वाट ठरते. पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि बांगलादेशातल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांसाठी नागरिकत्व कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. तिचे नियम ११ मार्च २०२४ ला आले. त्यात अट आहे ती ३१ डिसेंबर २०१४ ला किंवा त्याआधी भारतात आल्याची. अर्ज ऑनलाइन, फी ५० रुपये, कागदांची छाननी डाक अधीक्षकांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा समितीपुढे. पासपोर्टची मुदत संपलेली असली तरी चालते. आपण त्या देशाचे होतो हे दाखवणारा एक कागद आणि मुदतीच्या आत आलो हे दाखवणारा एक कागद लागतो. दुसऱ्यासाठी व्हिसावरचा प्रवेशाचा शिक्का, परदेशी नोंदणीचा कागद, बँकेचं खातं, वीजबिल, इथल्या शाळेचा दाखला असं बरंच काही चालतं. पण भाड्याने राहणाऱ्याचं वीजबिल घरमालकाच्या नावावर असतं, हे नियम लिहिताना कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून शाळेचा दाखला, दवाखान्याचा कागद, बँकेचं पासबुक, जे काही तारखेसकट मिळेल ते जपून ठेवायला मी पहिल्या भेटीतच सांगते.

२०१४ नंतर आलेल्यांना ही वाट नाही. त्यांना आधी दीर्घ मुदतीचा व्हिसा, मग नेहमीच्या तरतुदींनी नागरिकत्व. स्वतः किंवा आई-वडिलांपैकी कोणी अविभाजित भारतात जन्मलेलं असेल तर सात वर्षांच्या वास्तव्यावर नोंदणी होऊ शकते. तरुण पिढीच्या आई-वडिलांचा जन्म फाळणीनंतरचा, त्यामुळे त्यांना त्याहून कितीतरी जास्त वर्षं थांबावं लागतं. एकाच घरातली आजी आधी नागरिक होते आणि नातू रांगेत राहतो, असं मी पुष्कळदा पाहिलं आहे. नोंदणीचे हे अधिकार २०१६ मध्ये देशातल्या ज्या १६ जिल्ह्यांच्या कलेक्टरांना दिले गेले त्यांत आपलं इंदूर आहे, म्हणून मोती तबेल्यातल्या कलेक्टर कचेरीच्या चकरा. दिल्लीपर्यंत फाइल जाऊन बसण्यापेक्षा हे पुष्कळच बरं आहे.

एक गैरसमज मुद्दाम सांगते. सप्टेंबर २०२५ मध्ये परदेशी नागरिकांविषयीचा नवा कायदा लागू झाला तेव्हा एक सूट जाहीर झाली: याच समाजांतले लोक ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेले असतील आणि त्यांच्याकडे वैध कागद नसतील तरी त्यासाठी कारवाई होणार नाही. वस्तीत बातमी पसरली की नागरिकत्वाची तारीख दहा वर्षांनी पुढे सरकली. तसं नाही. ती सूट कारवाईपासून आहे, नागरिकत्वाची तारीख २०१४ हीच आहे. या गोंधळाचा फायदा घेऊन फॉर्म भरून देतो म्हणत पैसे उकळणारे दलाल फिरतात. मंडळातला एखादा निवृत्त वकील किंवा तहसिलातला जुना कारकून शनिवारी दोन तास फॉर्म वाचून द्यायला बसला, तर ती मदत ४० हजारांपेक्षा मोठी आहे.

हा वाटा खर्च कुठे होतो? भाषांतरावर, कारण तिकडचे जन्माचे आणि शाळेचे कागद उर्दूत किंवा सिंधीत असतात. शपथपत्रांवर. दिल्लीच्या प्रवासावर. आणि नावांच्या दुरुस्तीवर. पासपोर्टवर त्याचं नाव आणि वडिलांचं नाव असतं, आडनाव नसतं. इथल्या बँकेला आडनाव लागतं. कोणीतरी उच्चारावरून लिहून घेतं, पॅनवर एक स्पेलिंग, व्हिसावर दुसरं. पाच वर्षांनी त्या एका अक्षरापायी फाइल परत येते. नवं कुटुंब आलं की मी एका कोऱ्या कागदावर घरातल्या प्रत्येकाचं नाव पासपोर्टप्रमाणे मोठ्या अक्षरांत लिहून देते आणि सांगते, जिथे जाल तिथे हा कागद पुढे करा, तोंडी नाव सांगू नका.

दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळाला की पुष्कळ दारं उघडतात. बँक खातं, पॅन, वाहन परवाना, स्वतःचा छोटा धंदा, राहण्यापुरतं घर घेणं, हे सगळं २०१६ च्या निर्णयाने शक्य झालं. पण नागरिकांसाठीच्या योजना, म्हणजे स्वस्त धान्य, आयुष्मान, लाडली बहना, त्यांच्यासाठी नाहीत. म्हणून आजारपणाचा वाटा वेगळा ठेवा. एम.वाय. या सरकारी रुग्णालयात उपचार मिळतात, पण बाहेरून आणायची औषधं, तपासण्या आणि बुडालेला रोज यात घर कर्जात जातं. थेट रोख हातात देण्याऐवजी एका औषधवाल्याकडे खातं उघडा, चिठ्ठीवर मंडळाची सही चालेल असं ठरवा. रोख देऊ नये असं माझं म्हणणं नाही, उलट बऱ्याच वेळा रोखच उत्तम, कारण घरात काय कमी आहे ते घरच्या बाईला माझ्यापेक्षा जास्त कळतं. औषधांच्या बाबतीत मात्र, रोख आली की म्हातारी माणसं ती नातवाच्या फीकडे वळवतात आणि स्वतःची गोळी बंद करतात. हे मी एका घरात नाही, अनेक घरांत पाहिलं.

घरमालकाचं एक काम तुमच्या मंडळाने पैशाशिवाय करण्यासारखं आहे. परदेशी पासपोर्टच्या माणसाला खोली दिली की ते पोलिसांना कळवावं लागतं. पुष्कळ मालक त्या फॉर्मलाच घाबरतात आणि खोली नाकारतात, किंवा न कळवता देतात आणि मग अडचण भाडेकरूला येते. तुमच्यापैकी ज्यांच्या वरच्या मजल्यावर खोल्या आहेत त्यांना हा फॉर्म भरून दाखवा. तो ऑनलाइन आहे, अर्ध्या तासाचं काम.

मुलांबद्दल. ६ ते १४ वर्षांच्या मुलाला शाळेत घेताना जन्मदाखला नाही म्हणून नाकारता येत नाही, आणि वयानुसार वर्गात बसवायचं असतं. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा प्रत्येक मुलाबद्दल बोलतो. तरी शाळेच्या खिडकीवर नकार मिळतो, तेव्हा मराठी किंवा हिंदी नीट बोलणारं, न घाबरणारं कोणी सोबत असलं की काम होतं. खरी अडचण प्रवेशानंतरची आहे. ही मुलं हिंदी समजतात, टीव्हीने तेवढं शिकवलेलं असतं, पण वाचता येत नाही. सिंधमध्ये सिंधी अरबी वळणाच्या लिपीत लिहितात, ५२ अक्षरं, उजवीकडून डावीकडे. दहा वर्षांचं हुशार पोर पाचवीत बसतं आणि फळा त्याला मुका असतो. मग ते मागच्या बाकावर जातं आणि दोन वर्षांत दुकानात लागतं.

शिकवताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. त्या लिपीत ऱ्हस्व स्वर बहुतेक लिहीत नाहीत, वाचणारा संदर्भाने भरतो. त्यामुळे ही मुलं देवनागरीत ऱ्हस्व इकार-उकार गाळतात, 'किताब'चं 'कताब' लिहितात. मास्तरांना तो आळस वाटतो. तो आळस नाही, त्यांच्या जुन्या लिपीची सवय आहे. आधी तोंडाने शब्द तोडून म्हणायला लावा, मग मात्रा. आणि 'ग', 'ज', 'ड', 'ब' यांचे श्वास आत ओढून म्हणायचे वेगळे उच्चार सिंधीत आहेत, आपल्या तोंडाला ते येणार नाहीत. मुलाला ते म्हणून दाखवायला सांगा. शिकणारा क्षणभर शिकवणारा झाला की त्याची मान वर होते. सहा महिने रोज एक तास पुरतो. इंदूरच्या मराठी घरांत निवृत्त शिक्षिका किती आहेत हे मी तुम्हाला सांगायला नको. ६० हजारांतून त्यांना मानधन नको असेल तर वह्या, गणवेश, रिक्षाभाडं आणि मोठ्या मुलींच्या दहावीच्या फीला ते पैसे लावा.

हे नातं आपल्याला परकं नाही. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यात होता, कराचीत मराठी वस्ती होती, आणि तिथली जुनी सरकारी शाळा नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाने आजही ओळखली जाते. फाळणीत त्या मराठी घरांनाही निघावं लागलं. तुमच्याच मंडळात एखाद्याची आजी कराचीची निघेल, विचारून पाहा.

आता ज्या चुका मी स्वतः पाहिल्या त्यातली एक, जी तुम्ही करू नये म्हणून कळकळीने सांगते. काही वर्षांपूर्वी एका संस्थेने मदतीच्या कार्यक्रमात एका कुटुंबाला मंचावर बसवलं, त्यांच्या मुलीचा फोटो, नाव आणि मूळ गाव माहितीपत्रकात छापलं. हेतू चांगला होता, देणग्या वाढाव्यात. पण ते पान फिरत फिरत सिंधपर्यंत गेलं. त्या मुलीचे काका अजून तिकडे होते. त्यांना ज्या भाषेत फोन आले ते मी इथे लिहीत नाही. ते घर पुढे कोणाचीच मदत घेईना. तेव्हापासून माझा नियम आहे: फोटो नाही, नाव नाही, गाव नाही, मंचावर सत्कार नाही. देणगीदारांना हिशेब द्या, चेहरा देऊ नका. मुख्य पाहुण्यांनी काय घडलं ते सांगायला लावू नये. जागतिक आरोग्य संघटनेचं २०११ चं मानसिक प्रथमोपचाराचं मार्गदर्शन हेच सांगतं: परिस्थिती पाहा, ऐका, लागेल त्या मदतीशी जोडून द्या, आणि जे माणूस आपणहून सांगत नाही ते उकरू नका.

तिकडे राहिलेल्या नातेवाइकांचा विचार सतत करावा लागतो, कारण येणं-जाणं जवळजवळ बंद आहे. थार एक्सप्रेस आणि समझौता एक्सप्रेस ऑगस्ट २०१९ मध्ये बंद पडल्या. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामचा हल्ला झाला, आणि पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा २७ एप्रिलपासून रद्द झाले, अटारीची वाट बंद झाली. हिंदू पाकिस्तानी नागरिकांचे दीर्घ मुदतीचे व्हिसा कायम राहतील असं सरकारने सांगितलं, पण ज्यांचे अर्ज तेव्हा नुकतेच गेले होते त्यांच्या घरी चार रात्री कोणी झोपलं नाही. मलाही रात्री दोनला फोन यायचे: "दीदी, सामान बांधायचं का?" त्या दिवसांत पैशाची मदत काहीच कामाची नव्हती. आदेशाची प्रत मोबाइलवर वाचून दाखवणारं माणूस हवं होतं.

मणिपूरबद्दल. ३ मे २०२३ ला हिंसाचार सुरू झाला आणि सुमारे ६० हजार लोक घरांतून उठले. ते आपल्याच देशाचे नागरिक आहेत, त्यामुळे व्हिसाचा प्रश्न नाही, पण घरासोबत जळालेले दाखले, तुटलेलं शिक्षण, गेलेली शेती हे आहेच. सामान पाठवायच्या फंदात पडू नका. मैतेई समाज इंफाळ खोऱ्यात आणि कुकी-झो समाज डोंगराकडे, मधे सुरक्षा दलांचा पट्टा, अशी विभागणी झाली, आणि डोंगराकडच्या चुराचांदपूरच्या लोकांना इंफाळचं विमानतळ टाळून मिझोरममधल्या ऐझॉलमार्गे लांबचा प्रवास करावा लागू लागला. तुमचा एक ट्रक दोन्हीकडे पोचणार नाही. पैसे द्या, आणि खोऱ्यात काम करणाऱ्या एका व डोंगरात काम करणाऱ्या एका, अशा दोन संस्थांना वीस-वीस हजार द्या. एकाच बाजूला दिलेली मदत तिथे बाजू घेणं ठरते. कशासाठी, असं विचारलं तर मी सुतासाठी सांगेन. दोन्हीकडच्या बायका हातमागावर निष्णात आहेत, माग उभा करता येतो, सुताला भांडवल नसतं. सूत मिळालं की तिचं कापड विकलं जातं आणि पुढचं सूत ती स्वतः घेते.

संस्था निवडताना माहितीपत्रक बघू नका, प्रश्न विचारा. छावण्यांसाठी 'स्फिअर' नावाची किमान मापं जगभर मानली जातात: माणशी दिवसाला १५ लिटर पाणी, झोपायला माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, २० माणसांमागे एक संडास. तुमच्या छावणीत किती, एवढंच विचारा. जी संस्था लगेच खरा आकडा सांगते, तो कमी असला तरी, तिच्यावर माझा विश्वास बसतो.

परदेशाबद्दल थोडक्यात. २०२४ च्या अखेरीस जगभरात १२ कोटी ३२ लाख लोक सक्तीने विस्थापित होते, आणि त्यांतले साधारण साठ टक्के स्वतःच्याच देशात भटकत होते. सुदानची अवस्था एप्रिल २०२३ पासून सगळ्यात वाईट आहे आणि तिची बातमी आपल्याकडे क्वचित येते. द्यावंसं वाटणं योग्यच आहे. पण नोंदणीकृत संस्थेने भारताबाहेर पैसा खर्च केला तर आयकराची सवलत धोक्यात येते, त्यासाठी केंद्रीय मंजुरी लागते. ज्याला द्यायचं आहे त्याने वैयक्तिक खात्यातून संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेला द्यावं. उलट बाजूही सांभाळा. न्यू जर्सीतला भाचा म्हणेल, मी पाचशे डॉलर पाठवतो. त्याच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असेल तर हरकत नाही. तो अमेरिकी नागरिक झाला असेल तर ती विदेशी देणगी ठरते आणि ती घेण्याच्या सरकारी नोंदणीशिवाय मंडळाने एक रुपयाही घेऊ नये. मंडळाच्या नियमावलीत गरजूंना मदत हा उद्देश लिहिलेला आहे ना, तेही आधी पाहा, नसेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव करून सनदी लेखापालांना दाखवा.

कार्यकारिणीत कोणीतरी विचारेलच की नेमक्या कुठल्या धर्माच्या लोकांना द्यायचं. नागरिकत्व कोणाला हे कायदा ठरवतो, त्यावर तुमची-माझी मतं असतील. तापाने फणफणलेल्या मुलाचं औषध मात्र गरजेवर ठरतं. मणिपूरची वाटणी दोन्हीकडे करा म्हणाले, त्याच तत्त्वाने इथेही. एखादं अफगाण किंवा बर्मी कुटुंब शहरात आलं आणि अडलं, तर वेगळा विचार करत बसू नका.

पहिल्या भेटीला दोघीच जा, दुपारी चारनंतर, पुरुष कामावर असले तरी चालेल. बॅनर नको, मिठाईचा डबा नको. एक जाड प्लास्टिकची फाइल, वीस-पंचवीस पारदर्शक पाकिटांची, आणि एक वही घेऊन जा. प्रत्येकाच्या व्हिसाची मुदत कधी संपते ती तारीख वहीत लिहा आणि त्याच्या तीन महिने आधीची तारीख मंडळाच्या कॅलेंडरवर. मुलांना कुठल्या इयत्तेपर्यंत शिकलात ते विचारा, का आलात ते विचारू नका. घरची बाई चहा करेल. घरात दूध कमी आहे हे दिसलं तरी तो घ्या. आणि निघताना पुन्हा कधी येणार तो वार सांगा आणि त्याच वारी जा.